श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचा: कॅज्युअल्टीतले सहा महिने

3 मार्चला इव्हिनिंग ड्युटी संपवून पंचिंग करायला गेले तर निरोप आला की उद्या मेट्रन मॅडमना भेटून जा. धस्सच झालं. चार वर्षं मी फिमेल मेडिसिन वॉर्डला होते, तिथली खाट न् खाट ओळखीची, कुठल्या बेडची सलाईन स्टँड हलते तेपण पाठ. दुसऱ्या दिवशी हातात कागद पडला, 10 मार्च 2025 पासून अपघात विभागात (कॅज्युअल्टीत) सहा महिन्यांसाठी बदली, सहा महिन्यांनी लॉगबुक, म्हणजे शिकलेल्या कामांची सह्यांची वही, तपासून कायम करायचं की नाही ते ठरेल. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, सोलापुरातलं ट्रस्टचं आहे एवढं पुरे.

घरी येऊन नवऱ्याला म्हणलं, नको म्हणून अर्ज देते. लेक चार वर्षांचा, सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि कॅज्युअल्टीत महिन्याला आठ-नऊ नाईट असतात. सासूबाईच म्हणाल्या, पोराला मी बघते, तू जा. नर्सिंग केलेल्या कुणालातरी उद्या अशी ऑर्डर येणार आणि तिला रात्रभर झोप लागणार नाही, तिच्यासाठी हे सगळं तारखेवार लिहितीय.

पहिला आठवडा नुसता कागदांचा गेला. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनची झेरॉक्स लागते, ते दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं, तेव्हा तारीख आधीच बघून ठेवा, माझ्या बरोबरच्या एकीचं संपायला तीन आठवडे राहिले होते आणि तिची फाईल तिथेच अडकली. बीएलएस आणि एसीएलएस (बंद पडलेलं हृदय चालू करायच्या उपचारांचे कोर्स) दोन्ही सर्टिफिकेट मागितली, ती दोनच वर्षं चालतात, माझं बीएलएस संपलेलं आणि एसीएलएस केलेलंच नव्हतं. पुण्याला जाऊन दोन्ही केले, फी, एसटी आणि राहणं धरून साडेदहा हजार गेले, हॉस्पिटलने नंतर निम्मे परत दिले पण पावती ओरिजिनल लागली, फोटो चालला नाही. हिपॅटायटिस बीची तीन इंजेक्शनं कॉलेजातच झालेली, 0, 1 आणि 6 महिने, पण टायटर (लस लागू पडली का बघायची रक्ततपासणी) कधी केलं नव्हतं. ते 10 च्या वर असलं की चालतं, माझं 212 आलं. आणि सेकंद काटा असलेलं, खिशाला पिनने अडकवायचं घड्याळ घेतलं, नवी पेठेत 350 रुपये. मनगटावर घड्याळ चालत नाही तिथे, हात कोपरापर्यंत मोकळे पाहिजेत.

10 मार्चला सोमवारी सकाळी पावणेआठला गेले. इन्चार्ज सिस्टरनी (तेवीस वर्षं कॅज्युअल्टीत आहेत) आधी पेशंटच्या जवळ जाऊच दिलं नाही. क्रॅश कार्ट, म्हणजे इमर्जन्सीच्या औषधांची आणि सामानाची ढकलगाडी, उघडून दाखवली, म्हणाल्या डोळे मिटून ड्रॉवर सांगायचे. पहिल्यात ॲड्रेनॅलिन, ॲट्रोपिन, अमिओडॅरोन, दुसऱ्यात लॅरिंगोस्कोप (घशात बघायचं लाईटवालं अवजार), श्वासनलिकेत टाकायच्या ट्यूबा, असं. लॅरिंगोस्कोपचा लाईट लागतो का, सक्शन ओढतं का, ऑक्सिजन सिलेंडरचा काटा कुठे आहे, डिफिब्रिलेटरची (हृदयाला शॉक द्यायच्या मशीनची) टेस्ट स्ट्रिप निघते का, हे प्रत्येक शिफ्टला आल्या आल्या बघायचं आणि मगच ओव्हर घ्यायची. तीन दिवस मी फक्त हेच केलं. तेव्हा वाटलं वेळ वाया जातोय. आता वाटतं सगळ्यांना निदान आठवडाभर हेच करायला लावावं.

मग ट्रायाज, म्हणजे कुणाला आधी बघायचं ते ठरवणं. दारातच एक टेबल, एक सिस्टर, आणि पट्ट्या, लाल म्हणजे लगेच, पिवळी म्हणजे त्यानंतर, हिरवी म्हणजे थांबू शकणारा. वॉर्डात पेशंट येतो तो कुणीतरी आधी तपासलेला असतो, त्याच्याबरोबर फाईल असते, निदान असतं. इथे माणूस दारातून आत येतो आणि त्याच्याबद्दल तुम्हाला काहीच माहीत नसतं. इन्चार्ज सिस्टर म्हणायच्या, नाव विचारायच्या आधी बघ. तो बोलतोय का, म्हणजे श्वासमार्ग मोकळा. श्वास कसा चाललाय, छाती दोन्हीकडे सारखी हलतीय का. हात गरम का गार, नाडी लागती का, कुठून रक्त जातंय का. शुद्ध कशीय. मग कपडे बाजूला करून सगळं अंग बघायचं आणि लगेच परत झाकायचं, गारठू द्यायचं नाही आणि लाजही राखायची. याच क्रमाला ए बी सी डी ई म्हणतात, ते सगळ्यांनी पाठ केलेलं असतं, पण ए मध्ये, म्हणजे श्वासमार्गात, काही सापडलं तर ते नीट केल्याशिवाय बी कडे जायचं नाही ही सवय हाताला लागायला मला दीड महिना लागला.

आता माझी चूक सांगते. 19 मार्च, इव्हिनिंग. सतरा वर्षांचा मुलगा, दोन दिवस उलट्या आणि पोटात दुखतंय, आई बरोबर. मी बीपी घेतलं, नाडी, टेंपरेचर, ऑक्सिजन 99, आणि श्वासाच्या रकान्यात 20 लिहिलं. पिवळी पट्टी. खरं सांगायचं तर मोजलाच नव्हता. वॉर्डात आम्ही सगळ्याच जणी 18 नाहीतर 20 लिहायचो, टीपीआर चार्टवर (ताप, नाडी, श्वासाच्या तक्त्यावर) महिनोन्महिने सगळे पेशंट 20. दहा मिनिटांनी इन्चार्ज सिस्टर राउंडला आल्या, त्याच्या पायाशी उभ्या राहिल्या, काही न बोलता घड्याळ बघत राहिल्या. पूर्ण एक मिनिट. मग मला म्हणाल्या, "36. आणि किती खोल घेतोय बघ. शुगर केलीस?" नव्हती केली. ग्लुकोमीटरवर आकडाच आला नाही, नुसतं 'हाय', म्हणजे मशीनला मोजता येणार नाही इतकी जास्त. डायबेटिक किटोॲसिडोसिस होता, मुलाला डायबेटिस आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. रक्तात ॲसिड वाढलं की शरीर ते श्वासावाटे बाहेर टाकायला बघतं म्हणून तो तसा ओढत होता, त्याची छाती चांगलीच होती, त्यामुळे ऑक्सिजन 99 दिसत होता आणि मी त्या 99 वर समाधान मानलं होतं.

मुलगा बरा झाला, पाच दिवसांनी घरी गेला. सिस्टर मला ओरडल्या नाहीत. फक्त माझ्या लॉगबुकात त्या दिवशीच्या पानावर त्यांनी लाल पेनाने लिहिलं, श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचा. मी घरी जाऊन खूप रडले, त्याची आई मला सारखं ताई ताई म्हणत होती ते आठवून.

तेव्हापासून मोजते. नाडी धरल्यासारखं करून मोजायचं, कारण आपण श्वास मोजतोय हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो. तीस सेकंद मोजून दुप्पट करू नका, म्हाताऱ्या माणसात आणि लहान पोरात फरक पडतो. आणि शुद्ध हरपलेला, बडबडणारा, दारू प्यालाय म्हणून आणलेला, झटका आलेला, कुणीही असो, आधी बोटातून शुगर. दारूच्या वासाखाली शुगर 38 असलेला एक रिक्षावाला काका मी नंतर बघितला, डेक्स्ट्रोज गेल्यावर चार-पाच मिनिटांत उठून बसला आणि माझी रिक्षा कुठाय विचारायला लागला.

एप्रिल आला आणि सोलापूरचा एप्रिल तुम्हाला माहितीय. पारा 43 च्या आसपास, दुपारी रस्त्यावर कुत्रं नसतं. 22 तारखेला पावणेचारला होटगी रोडकडून एका स्लॅबच्या कामावरच्या माणसाला टेंपोतून आणलं. हाक मारली तर उत्तर नाही, दुखवलं तर हात बाजूला करायचा, डोळे तेवढे उघडायचा. जीसीएस (शुद्धीचे मार्क) लिहिताना नुसती बेरीज लिहू नका, ई2 व्ही2 एम5, म्हणजे डोळे, बोलणं आणि हालचाल, असं तुकड्यात लिहा, कारण 9 हा आकडा बऱ्याच वेगवेगळ्या पद्धतीने तयार होतो आणि एक तासाने नक्की काय बदललं ते बेरजेवरून कळत नाही. काखेतलं टेंपरेचर 39.6, सिस्टर म्हणाल्या काखेवर जाऊ नको, रेक्टल घे. 41.3. मग सगळं एकदम, कपडे काढले, चादर भिजवून अंगावर, दोन पंखे, बर्फाच्या पिशव्या काखेत आणि जांघेत, वॉर्डबॉय मामा आणि आया मावशी दोघं पाणी मारायला. बरोबरचा माणूस सारखा म्हणत होता तापाची गोळी द्या. पण उष्माघात हा ताप नसतो, पॅरासिटामॉलने उतरत नाही, अंग बाहेरूनच गार करावं लागतं, आणि जेवढं लवकर तेवढा मेंदू वाचतो. चाळीस मिनिटांत 39 ला आला, तिथे थांबवलं, नाहीतर जास्तच गार होतो. त्याला घाम होता हेही सांगते, कारण आपल्याला शिकवलेलं असतं की उष्माघातात कातडी कोरडी पडते, राबणाऱ्या माणसाची तशी पडेलच असं नाही.

भाषेचं कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. शहराच्या पूर्व भागातून येणारे निम्मे पेशंट घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडचे कन्नड. दुखायला लागलं की माणूस घरच्याच भाषेत बोलतो. मी डायरीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं होतं, कन्नडमध्ये एल्लि नोवु, तेलुगूत एक्कड नोप्पि, दोन्हीचा अर्थ कुठे दुखतंय. एवढ्यावर माणूस तुमच्याकडे वळतो.

17 मेच्या रात्री एक चाळीसला एक विडी वळणाऱ्या मावशी चालत आल्या, मुलगी म्हणाली ॲसिडिटी झालीय, दोन गोळ्या दिल्यात. शुगर पेशंट, वय 58. एक्कड नोप्पि म्हणल्यावर त्यांनी बेंबीच्या वर हात ठेवला आणि मग जबड्यावर. ब्लाऊज घामाने भिजलेला आणि हात गार. छातीत दुखत नव्हतं. मी हिरवी पट्टी बाजूला ठेवली, सरळ लाल बेडवर घेतलं आणि सातव्या मिनिटाला ईसीजी हातात होता (दहा मिनिटांच्या आत निघाला पाहिजे, पैसे भरायच्या खिडकीवर कुणालाही पाठवायच्या आधी). खालच्या भागाचा अटॅक. मी ड्युटीवरच्या डॉक्टर सरांना विचारलं, ईसीजीचे लीड उजव्या बाजूलाही लावू का, कारण असा अटॅक उजव्या कप्प्यात गेला असेल तर जिभेखाली सॉर्बिट्रेट दिल्यावर बीपी धाडकन पडतं. लावले, निघालं तसंच, गोळी दिली नाही. पाऊण तासात कॅथलॅबला (हृदयाची बंद नळी उघडतात तिथे) गेल्या. मुलगी घाबरून म्हणत होती पैसे नाहीत, रेशनकार्ड घरी आहे. तिला आरोग्यमित्राकडे, म्हणजे हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाकडे, पाठवलं. राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत इमर्जन्सीला आधी फोनवर कळवून उपचार सुरू होतात, रेशनकार्ड आणि आधार नंतर आणता येतं, हे अजूनही लोकांना माहीत नसतं. खरंतर 2012 ला योजना राजीव गांधी नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं.

सगळे असे वाचत नाहीत. 29 मेला एका काकांना आम्ही पन्नास मिनिटं कॉम्प्रेशन दिलं, म्हणजे छाती दाबत राहिलो, दर दोन मिनिटांना माणूस बदलत, मी तिसऱ्या नंबरला होते. गेले. सरांनी बायकोला सांगितलं तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसले, उभी राहिले नाही. मग डोळे मिटवले, तोंड पुसलं, नळ्या काढल्या, अंगठी आणि गळ्यातलं लॉकेट मोजून दोन साक्षीदारांसमोर मुलाच्या हातात दिलं आणि रजिस्टरला सही घेतली. 'पिवळ्या धातूची अंगठी' असंच लिहायचं, सोन्याची लिहायचं नाही. त्यानंतर लिनन रूममध्ये पाच मिनिटं बसले. ब्रदर (आमच्यातला पुरुष नर्स) चहा घेऊन आला, काही बोलला नाही, कप ठेवून गेला. तेवढ्याचीसुद्धा किती मदत होते.

कागदाचं काम म्हणजे एमएलसी, पोलिसांना कळवावी लागणारी केस. अपघात, विषबाधा, भाजलेलं, मारामारी, साप चावलेला, सगळं त्यात. दोन ओळखखुणा शरीरावरच्या, अंगठ्याचा ठसा, आणणाऱ्याचं नाव, वेळ चोवीस तासांच्या घड्याळात, पोलीस चौकीला सूचना दोन प्रतीत आणि ती घेणाऱ्या पोलिसाचा बक्कल नंबर. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून सही, व्हाइटनर अजिबात नाही. पण उपचार यासाठी थांबत नाहीत, सुप्रीम कोर्टाने 1989 लाच सांगितलंय की आधी जीव, मग पोलिसांचे सोपस्कार.

8 जूनला, रविवारी संध्याकाळी, हे मला दारातच दोन पोरांना सांगावं लागलं. अक्कलकोट रोडवर टू-व्हीलरवरून पडलेल्या एका तरुणाला त्यांनी रिक्षात घालून आणलेलं आणि स्ट्रेचर दिसताच निघून चालले होते, पोलीस आम्हालाच विचारतील म्हणून. म्हणलं, 2019 पासून मोटार वाहन कायद्यातच आहे, मदत करणाऱ्यावर नाव सांगायची जबरदस्ती नाही. थांबले बिचारे, नातेवाईक येईपर्यंत. अपघाताच्या पेशंटला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस देणारी केंद्राची योजना मे 2025 लाच आलीय, तेही विचारा काउंटरवर.

तो तरुण बोलत होता, हसतसुद्धा होता, डाव्या बरगड्या दुखतायत म्हणाला. बीपी 118/74, नाडी 104, श्वास 20, आणि यावेळी ते 20 मोजलेले होते. पिवळा. एक्स-रेसाठी नंबर होता, तेवढ्यात एक पॉयझनिंग आलं, सगळे तिकडे धावले. शेतात मारायचं औषध प्यालेला माणूस, तोंडातून फेस, बाहुल्या टाचणीएवढ्या, ॲट्रोपिन पंधरा-वीस अँप्युल फोडत होतो, कपडे कापून अंग धुवायचं ते वेगळंच, आणि ते डबल ग्लोव्ह्ज घालूनच करा, औषध कातडीतूनही जातं. या गडबडीत मला पिवळ्या बेडची आठवण आली ती केवळ मी मनगटावर पेनाने वेळ लिहून ठेवली होती म्हणून, 7.35 ला परत बघायचं. गेले. तो आता हसत नव्हता, पाणी मागत होता, पाय हलवत होता. बीपी 112/86. नुसता वरचा आकडा बघितला असता तर चांगलं वाटलं असतं. नाडी 126. श्वास मोजला, पूर्ण मिनिट, 28.

सरांना हाक मारून म्हणलं, सर, पिवळ्यातला तीन नंबर बेड लालमध्ये घेतेय, वीस मिनिटांत श्वास 20 चा 28, नाडी 126, खालचं बीपी वर चढलंय, डाव्या बरगड्यांना मार आहे, तुम्ही आत्ता बघायला हवंय. नुसतं "सर, पेशंट बरोबर वाटत नाही" म्हणलं असतं तर ते पॉयझनिंग सोडून आले नसते, आणि त्यांचंही बरोबर असतं. दोन्ही हाताला मोठ्या सुया, एक हिरवी एक करडी, क्रॉसमॅचला (रक्त चढवायच्या आधी जुळवून बघायला) रक्त, पोटाची सोनोग्राफी बेडवरच. प्लीहा फाटली होती. रात्री साडेनऊला ऑपरेशनला गेला. तरुण माणसाचं बीपी फार उशिरा पडतं, शरीर शेवटपर्यंत सावरून धरतं आणि मग एकदम सोडतं, त्याच्या आधी श्वास आणि नाडी सांगत असतात.

पावसाळ्यात साप. 19 जुलैला पहाटे पाच वीसला अक्कलकोट तालुक्यातून 108 ने एका शेतकऱ्याला आणलं, पोट दुखतंय, रात्री जमिनीवर झोपलेला. चावल्याची खूण दिसत नव्हती, पण पापण्या अर्ध्यावर आलेल्या. पहाटेचं पोटदुखणं, जमिनीवरची झोप आणि जड पापण्या असं एकत्र दिसलं की मण्यार डोक्यात आलीच पाहिजे, तिचे दात बारीक, चावल्या जागी सूज नाही, वेदना नाही. आवळपट्टी कुणी बांधली नव्हती हे चांगलं झालं. रक्त कोऱ्या काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवलं, गोठतं का बघायला. ॲड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून ठेवलं, कारण सापाच्या लसीची रिॲक्शन कुणालाही येऊ शकते, आणि दहा व्हायल चालू केल्या. त्या व्हायल हलवून विरघळवायच्या नसतात, फेस होतो, हाताने हळू फिरवायच्या, आणि दहा फिरवायला दोन माणसं लागतात.

मग सिस्टरनी मला त्या शेतकरी काकांच्या उशाशी बसवलं आणि म्हणाल्या, एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लाव, दर पंधरा मिनिटांनी, श्वासाची ताकद कमी होतेय का ते कळतं. काकांना मराठी नीट येत नव्हतं. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, मी त्यांच्याबरोबर सुरुवात करून द्यायची. पहिल्यांदा 22 पर्यंत गेले. पंधरा मिनिटांनी 15. ऑक्सिजन अजूनही 97 दाखवत होता. आणखी पंधरा मिनिटांनी 9, ओंबत्तुला थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. भूलतज्ज्ञ सर आले, ट्यूब टाकली. लस गेली तरी मण्यारीचा परिणाम लगेच उतरत नाही, तोपर्यंत मशीनने श्वास द्यायचा. टाकायच्या आधी मी त्यांच्या बायकोला आत बोलावलं, दोन मिनिटंच, आणि त्यांच्या कानात ती काय बोलली मला कळलं नाही, पण त्यांनी तिचा हात दाबला. पाचव्या दिवशी ट्यूब निघाली.

एक विनंती नातेवाईकांना. येताना गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा, नावं आठवत बसू नका. लकवा वाटत असेल तर माणूस शेवटचा नीट कधी दिसला ती वेळ सांगा, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, रात्री झोपताना बरा होता तर तीच वेळ धरली जाते. आणि तुमच्या नंतर आलेल्याला आधी आत नेलं म्हणून सिस्टरवर चिडू नका. पण तुमच्या माणसाचा श्वास वाढला, तो गप्प झाला, घाम फुटला, तर बाकावर बसून राहू नका, येऊन सांगा, पुन्हा पुन्हा सांगा. मला कुणी सांगितलं तर मी जाते.

9 सप्टेंबरला लॉगबुक जमा केलं. 46 कामं, प्रत्येकाला तीन सह्या. 45 पूर्ण, कॅज्युअल्टीतली डिलिव्हरी दोनदाच मिळाली होती, तिसरी सही लेबर रूममध्ये एक दिवस उभं राहून घेतली. 12 ला ऑर्डर आली, अपघात विभागात कायम. सासूबाईंनी शेंगापोळ्या केल्या. रविवारी रात्री आठला नाईट आहे, आणि घड्याळ दोन दिवस अडखळत होतं म्हणून आज नवी पेठेत जाऊन सेल बदलून आणला, 60 रुपये.